पेन्सिलीची खूण

२००५ सालचा जून महिना. पाऊस लांबला होता. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, एका इमारतीचा पाया खणण्याचे काम चालू होते. दगडांच्या ढिगाखालच्या भुसभुशीत मातीत मुकादमाला पांढरी अंडी दिसली. त्याने काम थांबवले आणि कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून फोन केला. त्या मुकादमाचे मला आजही कौतुक वाटते. रोजावरची माणसे बसवून ठेवायची, तीही अंड्यांसाठी, आणि तीसुद्धा सापाच्या!

मी गेलो तेव्हा तेरा अंडी मोजली. मादी केव्हाच निघून गेली होती. सापाचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते. कवच चामड्यासारखे, दाबले तर किंचित दबणारे. त्यातली काही एकमेकांना चिकटली होती, ती मी तशीच राहू दिली. हात लावण्याआधी खिशातून मऊ शिशाची पेन्सिल काढली आणि प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला एक फुली आणि एक आकडा घातला. मग ती जशी होती तशीच, फुली वर ठेवून, ओल्या मातीसकट डब्यात उचलली. तिथूनच वनखात्याच्या माणसांना कळवले. त्यांनी येऊन नोंद केली आणि पिल्ले निघेपर्यंत अंडी आमच्याकडे राहू द्यायचे ठरले. आम्हा चार-पाच सर्पमित्रांची जवळच एक पत्र्याची खोली होती.

बघायला जमलेल्या माणसांचा एकच प्रश्न होता : ही कुणाची? नागाची की धामणीची? नुसते अंडे पाहून ते छातीठोकपणे सांगता येत नाही. आकार सारखा, रंग सारखा, जागाही दोघांना आवडेल अशी. त्यात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत अशी, की धामण ही नागाची मादी. म्हणजे धामणीची आहेत म्हणून सांगितले तरी माणसे म्हणणार, ‘मग निघणार नागच ना!’ खरे तर या दोन वेगळ्या जाती. नागात नर-मादी असतात, तशी धामणीतही असतात. एक विषारी, दुसरी अगदी बिनविषारी. पण शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी काळजीने विचारत होते, ‘सर, नक्की काय निघणार?’ त्यावर माझे उत्तर होते, ‘दोन महिन्यांनी सांगतो.’ ते त्यांना मुळीच आवडले नाही.

पेन्सिलीची ती फुली मी कशी शिकलो, ते सांगायला हवे. १९८८ साली घाटकोपरला माझ्याकडे अशीच नऊ अंडी आली होती. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, आणि मास्तर माणसाला आपल्याला सगळे कळते असे वाटत असते. कोंबडी अंडी उबवताना ती दिवसातून अनेकदा फिरवते, हे मी मुलांना शिकवलेले होते. म्हणून मीही ती नऊ अंडी सकाळ-संध्याकाळ मोठ्या निष्ठेने फिरवली. एकही फुटले नाही. महिन्याभरात एकेक पिवळे पडत, खपाटीला जात सडले.

झाले होते ते असे. पक्ष्याच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी पिळाच्या दोऱ्यांसारखे आधार असतात, त्यामुळे अंडे फिरले तरी बलक सावरला जातो. सापाच्या अंड्यात ते नसतात. अंडे घातल्यावर दिवसा-दोन दिवसांतच आतला जीव वरच्या बाजूला कवचाच्या अस्तराशी जोडला जातो. अंडे उलटे केले, की तो बलकाच्या भाराखाली जातो आणि गुदमरतो. मी नऊ पिल्ले माझ्या हाताने, प्रेमाने मारली होती.

लहानपणी तर ते प्रेमही नव्हते. घाटकोपरच्या आमच्या चाळीमागे टेकडी होती. कुणाला बिळात अंडी सापडली, की आम्ही पोरे दगड घेऊन धावत असू. फुटलेल्या अंड्यातून बोटभर लांबीचे काहीतरी वळवळताना दिसले, की मोठी माणसे शाबासकी देत. आपल्याकडे सापाच्या अंड्याचा इतिहास मुख्यत्वे असाच, फोडलेल्या अंड्यांचा आहे. आणि त्यामागची भीती काही खोटी नव्हती. अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसाला साप म्हणजे काय, ते शहरात बसून सांगू नये.

इंग्रज सरकारने या भीतीला दर लावला. मेलेला साप आणा, बक्षीस न्या. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर असे बक्षीस होते. जी. डब्ल्यू. व्हिडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १८९०च्या सुमारास लिहून ठेवले आहे, की तिथे सहा वर्षे दरवर्षी सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली. एका जिल्ह्यात, एका वर्षात सव्वादोन लाख! तरी फुरसे संपले नाही. ते आजही कोकणातल्या कातळावर आहे. गंमत म्हणजे आपल्याकडचे फुरसे अंडी घालतच नाही, थेट पिल्ले देते. घोणसही तशीच. नाग, मण्यार, धामण, पाणदिवड, अजगर ही मंडळी मात्र अंड्यांवाली.

बक्षिसांचा विषय निघाला, की दिल्लीची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. नागावर बक्षीस लागले, तेव्हा लोकांनी म्हणे घरोघरी नाग पैदा करायला सुरुवात केली, आणि बक्षीस बंद होताच ते सोडून दिले. जर्मन अर्थशास्त्रज्ञ होर्स्ट झीबर्ट यांनी २००१ साली या गोष्टीवरून आपल्या पुस्तकालाच ‘कोब्रा इफेक्ट’ असे नाव दिले, तेव्हापासून ती व्यवस्थापनाच्या वर्गांतही शिरली. तिला भक्कम कागदोपत्री पुरावा नाही. आणि ज्याने एकदा तरी सापाची अंडी उबवली आहेत, त्याला ती मुळातच पटत नाही. अंडी फुटायला दोन महिने, निघालेले पिल्लू खाण्याच्या बाबतीत महा हट्टी, आणि ते वयात यायला आणखी काही वर्षे. त्या काळात दोन आण्यांसाठी हा उद्योग करण्यापेक्षा माणसाने कोंबड्या पाळल्या असत्या.

सापाकडे मोजपट्टी घेऊन पाहण्याची सुरुवात मात्र मुंबईत झाली, असे म्हणायला हरकत नाही. १८८३ साली आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. पुढे या सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने १९०५पासून भारतीय सापांवर लेखमाला लिहिली. ती १९१९पर्यंत चालली. कोणत्या जातीची मादी किती अंडी घालते, कोणत्या महिन्यात, पिल्लू निघताना किती लांब असते, अशा बारीकसारीक नोंदी त्याने केल्या. पण त्यातली बरीच माहिती मारून आणलेल्या सापांची पोटे उघडून मिळालेली. परळच्या हाफकिन संस्थेत पुढे डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांवर काम केले. नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक आमच्या पिढीच्या हातात पडलेले सापांवरचे पहिले शहाणे पुस्तक.

अंडी उबवण्याबद्दल मात्र याहून जुनी एक हकीकत आहे, आणि ती मला फार आवडते. लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी बंगालमध्ये हिंडून गेला होता. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब देते, असे त्याने १८३०नंतरच्या वर्षांत पॅरिसच्या पंडितांना सांगितले. त्यांनी ते उडवून लावले. साप हा थंड रक्ताचा प्राणी, तो कुठून ऊब देणार? पण १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगराच्या मादीने अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळे घातले. व्हालँसिएन या शास्त्रज्ञाने जवळजवळ दोन महिने तिच्या वेटोळ्यांत तापमापक ठेवून नोंदी घेतल्या. मादी खरोखरच भोवतालच्या हवेपेक्षा गरम होती. पंधरा अंड्यांतून आठ पिल्ले निघाली. ही ऊब येते कुठून, हे १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात नीट मोजले गेले. मादी आपले स्नायू सारखे आखडत राहते. थंडीने आपल्याला हुडहुडी भरते ना, तशीच ती मुद्दाम कुडकुडते, आणि हवा जितकी थंड तितकी जास्त.

अजगर सोडला तर हे बहुतेक सापांना जमत नाही. नागीण अंड्यांची राखण करते, पण ऊब देण्याचे काम मातीचे, कुजणाऱ्या पाल्याचे आणि आपल्याकडच्या हवेचे. म्हणून सापाच्या अंड्यांसाठी इन्क्युबेटर करायचा म्हणजे आई करायची नसते, बीळ करायचे असते. १९८८ साली मला हेच कळले नव्हते.

मधल्या वर्षांत आपल्याकडे बरेच बदलले होते. वन्यजीव कायदा १९७२ साली आला. सापाच्या कातड्यांची निर्यात १९७६ साली बंद झाली. नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले, आणि घराघरांत ‘साप उगाच चावत नाही’ हे वाक्य पोहोचले. पुढे १९८६मध्ये कात्रजचे सर्पोद्यान झाले. सर्पमित्र हा शब्द रुळला. पण सर्पमित्रांचे सगळे शिक्षण साप पकडण्याचे आणि सोडण्याचे. अंड्यांचे काय करायचे, हे कुणी शिकवत नव्हते.

ते मला शिकवले न्यू जर्सीच्या माझ्या भाच्याने, नकळत. अमेरिकेत साप पाळतात, दुकानातून विकत आणतात, घरी त्यांची पैदास करतात. कॉर्न स्नेक म्हणून एक तांबूस, गरीब साप तिथे पोरांना वाढदिवसाला देतात म्हणे. भाचा सुट्टीत आला, तेव्हा अशा हौशी मंडळींसाठी असलेली एक पातळ पुस्तिका घेऊन आला. आपल्याकडे देशी साप घरात पाळणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा असेच माझे मत आहे. काचेच्या पेटीतला साप पाहून मला कधी आनंद झालेला नाही. पण विद्या कुणाकडूनही घ्यावी. त्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर पेन्सिल होती. वरच्या बाजूला खूण करा आणि ती शेवटपर्यंत वरच ठेवा. सतरा वर्षांपूर्वीची नऊ अंडी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

आमचा इन्क्युबेटर म्हणजे मासळी बाजारातून आणलेला थर्मोकोलचा खोका. चार वेळा धुतला तरी त्याचा बोंबलाचा वास गेला नाही. तळाशी चार बोटे पाणी, पाण्यात मत्स्यालयात वापरतात तो हीटर, दोन विटा, आणि विटांवर अंड्यांचा प्लास्टिकचा डबा. डब्यात रोपवाटिकेतून आणलेला नारळाचा भुसा, मुठीत दाबला तर पाणी टपकणार नाही इतपतच ओला. झाकणाला आतून थोडा उतार, म्हणजे वाफेचे थेंब अंड्यांवर न पडता कडेने ओघळतील. तापमान २८ ते ३० अंश. रोज एकदा झाकण उघडायचे, वही लिहायची, झाकण लावायचे.

आणि मग काही करायचे नाही. हे फार अवघड असते! पहिल्या पंधरा दिवसांत दोन नंबरचे अंडे बुरशीने गेले. ते बाकीच्यांपासून सुटे होते, म्हणून काढता आले. उरलेली बारा ओल शोषून हळूहळू फुगत होती. अंधारात मागून बॅटरी धरली की आत लाल शिरांचे जाळे दिसे. आमच्यातला एक कॉलेजकुमार दिवसातून तीनदा बॅटरी घेऊन यायचा, शेवटी मी बॅटरीच लपवून ठेवली.

जुलै सरत आला, नागपंचमी तोंडावर आली. सोसायटीतल्या आजी एक दिवस खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिल्ले मरतात आणि पुढचा सगळा अनर्थ होतो, म्हणून त्या दिवशी जमीन खणत नाहीत. आजींनी खोक्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘तुमच्या मुकादमाला कहाणी ठाऊक असणार.’ सेक्रेटरी मात्र त्याच आठवड्यात लेखी पत्र देऊन गेले : पिल्ले विषारी निघाल्यास जबाबदारी कुणाची? प्रश्न रास्त होता. नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेच विष घेऊन. आम्ही खोलीच्या दाराखालची फट पट्टी ठोकून बुजवली आणि खोक्यावर जाळी बसवली.

मंगळवार, २६ जुलै. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर कळले. दुपारी घाटकोपरच्या शाळेत बसून एवढेच दिसत होते, की समोरची इमारत दिसत नाही. गाड्या बंद पडल्या. शेवटच्या मुलाचे पालक येऊन गेल्यावर मी लालबहादूर शास्त्री मार्गाने चालत निघालो. विक्रोळी, कांजूर, भांडुप. कुठे पोटरीपर्यंत पाणी, कुठे कमरेपर्यंत. अनोळखी माणसे हाताला धरून खड्डे चुकवत होती, दुकानदार बिस्किटांचे पुडे वाटत होते. त्या रात्री कित्येक घरांत माणसे परतली नाहीत. अशा वेळी मी खोक्यातल्या बारा अंड्यांची काळजी करत होतो, हे सांगायला आजही थोडी लाज वाटते, पण करत होतो.

रात्री अकराच्या सुमारास मुलुंडला पोहोचलो. डोंगरावरून आलेला लोंढा खोलीत शिरला होता. वीज नव्हती. खोका टेबलावर नव्हता! काडी ओढून पाहिले, तर तो वरच्या माळ्यावर होता, आणि शेजारी आमचा कॉलेजकुमार भिजलेल्या कपड्यांनिशी मांडी घालून बसलेला. पाणी टेबलाला लागले, तेव्हा त्याने एकट्याने खोका उचलला होता. ‘सर, दोन सरकली,’ एवढेच तो म्हणाला. झाकण उघडले. चार नंबरची आणि अकरा नंबरची फुली आडवी झाली होती. मी ती दोन्ही अंडी बोटांनी सावकाश पूर्वीसारखी केली. पेन्सिलीची खूण नसती, तर कोणती सरकली आणि किती, हे कळायला मार्ग नव्हता.

पुढचे दोन दिवस वीज आली नाही. डब्यातले तापमान २५ अंशांवर उतरले. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, असे सगळे सुचवत होते. मी नको म्हटले. अंडी थोडी गार झाली तर पिल्ले उशिरा निघतात, पण जास्त तापली तर मरतात. बीळही पावसात गारच होत असणार. आम्ही खोक्याभोवती चादर गुंडाळली आणि बसून राहिलो.

८ ऑगस्टच्या सकाळी सात नंबरच्या अंड्यावर एक चीर दिसली. पिल्लाच्या नाकाच्या टोकावर एक इवलासा दात असतो, तो फक्त एवढ्याच कामाचा, नंतर पडून जातो. चिरेतून चिकट पाणी आले, मग एक तोंड. सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. मोठाले डोळे, गोल बाहुली, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. ‘धामण,’ मी म्हटले. ‘नाग नाही ना नक्की?’ ‘नाही.’ पिल्लू तसेच तोंड बाहेर काढून दिवसभर बसले. आतला उरलेला बलक पोटात जाईपर्यंत ते बाहेर येत नाही, आणि घाईने ओढून काढू नये. कॉलेजकुमाराचे हात मी अक्षरशः धरून ठेवले होते.

तीन दिवसांत दहा पिल्ले निघाली. हातभरापेक्षा थोडी लहान, राखाडी, अंगावर फिकट पट्टे, आणि पहिल्या तासापासून चावायला धावणारी. चौथ्या दिवशी चार नंबर फुटले. अकरा नंबर फुटले नाही. आणखी आठवडा वाट पाहून मी ते उघडले. आत पूर्ण वाढलेले पिल्लू होते, खवलेसुद्धा उमटलेले. त्या मुलाने विचारले, ‘माझ्यामुळे?’ मी त्याला माझ्या नऊ अंड्यांची गोष्ट सांगितली. ती तोवर कुणाला सांगितलेली नव्हती.

पहिली कात टाकून झाल्यावर वनरक्षकांबरोबर आम्ही पिल्ले जंगलाच्या कडेला नेली. त्यांनी कागदावर लिहिले, ‘धामण, पिल्ले ११’, मी खाली सही केली. पिशवीचे तोंड सोडले. ज्यांची दोन महिने वाट पाहिली, ती गवतात दिसेनाशी व्हायला अर्धा मिनिटही लागला नाही. थर्मोकोलचा खोका मी पुन्हा धुऊन वाळत घातला. पुढच्या मार्चमध्ये भांडुपहून पाणदिवडीची अंडी आली, तेव्हा तोच वापरला. फुल्या या वेळी त्या मुलाने घातल्या.